रमजान मुलाणींचं विलायती वायरिंग

पौडच्या एसटी स्टँडसमोर, चहाच्या टपरीला खेटून एक अरुंद दुकान आहे. वर 'मुलाणी इलेक्ट्रिकल्स' अशी पाटी आहे, पण ती कोणी वाचत नाही. लोक म्हणतात, "रमजानच्या दुकानात जाऊन ये." आणि दुकानात गेल्यावर गाठ पडते ती त्याच्या बायकोशी, बद्रुन्निसाशी. गल्ल्यावर ती बसते, बल्ब पेटवून दाखवते ती, आणि "होल्डर गेलाय का तुमचं डोकं गेलंय" असं गिऱ्हाइकाला तोंडावर विचारणारीही तीच. रमजान आपला कोपऱ्यातल्या स्टुलावर, टांगलेल्या पंख्यांच्या पात्यांखाली बसलेला असतो. जाणाऱ्यायेणाऱ्याला न मागता सल्ला देणं, हे त्याचं आताचं काम.

उभा जन्म त्यानं वायरमनकी केली. मुळशीतल्या निम्म्या घरांच्या भिंतींतून त्याच्या हातच्या वायरी धावतात. मग गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि शिडी सुटली. खोड मात्र सुटली नाही. खोड म्हणजे थट्टेची. रमजाननं केलेल्या कामात काहीतरी गंमत दडलेली असणारच, असं लोक धरूनच चालायचे. घरभरणीला पाहुणे जमले की कोणीतरी आधी सगळी बटणं दाबून बघायचं.

कासार आंबोलीच्या गोजराबाईच्या घरची गोष्ट तर अजून सांगतात. तिच्या दोन मुलांनी, वाल्मीक आणि विश्राम यांनी, घराची वाटणी केली आणि बोलणं टाकलं. मधल्या अंगणात दिवा एकच. त्याचं बटण कोणाच्या घरात असावं, यावरून हमरीतुमरी झाली. रमजान म्हणाला, "दोघांच्या बी घरात देतो की." आणि त्यानं खरंच दोन बटणं दिली. फक्त जोडणी अशी केली, की दोन्ही बटणं चालू असली तरच दिवा लागावा. पहिल्या संध्याकाळी वाल्मीकनं बटण दाबलं, अंधार. त्यानं चिडून बंद केलं, तेवढ्यात विश्रामनं दाबलं, तरी अंधार. दुसऱ्या दिवशी दोघंही वेगवेगळ्या वाटांनी दुकानावर भांडायला आले. रमजान शांतपणे म्हणाला, "त्या दिव्याला दोघांची सही लागती. मी काय करू?" थोडे दिवस अंगण अंधारातच राहिलं. मग एका संध्याकाळी भिंतीवरून आवाज आला, "ए, बटन दाब की." महिनोन्महिन्यांच्या अबोल्यानंतर भावाचा भावाला हा पहिला शब्द. गोजराबाईनं रमजानला कोंबडा आणून दिला.

तर असा हा रमजान. त्याला लेक एकच, जस्मीन. ती पुण्यात नर्सिंग शिकली, जांब्याच्या शाकिरशी तिचं लग्न झालं. शाकिर हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, कंपनीनं त्याला इंग्लंडला पाठवलं आणि दोघं डर्बी नावाच्या गावी जाऊन राहिली. टपरीवर कोणीतरी म्हणालं, "डर्बी म्हंजे घोडे पळत्यात ते का?" रमजान म्हणाला, "तितं माणसंच पळत्यात. बस सुटती ना."

दोन-तीन वर्षांनी त्यांनी तिथं जुनं घर घेतलं. लाल विटांचं, दोन्ही बाजूंच्या घरांना चिकटलेलं, दारापुढं पायरी. सगळं छान होतं, पण घर तपासायला आलेल्या माणसानं सांगितलं की वायरिंग समूळ काढून नव्यानं केल्याशिवाय इथं राहू नका. जस्मीननं व्हिडिओ कॉल लावला आणि जिन्याखालचा फ्यूजचा डबा दाखवला. रमजानचा चेहरा असा खुलला, जणू जुना सोयरा भेटला.

"अगं, ही तर रबराची वायर. हात लावला की भुगा व्हतो हिचा. इंग्रज गेला तशी आमच्याकडनं ही पण गेली. तुमच्याकडं इंग्रज ऱ्हायला, म्हनून वायर बी ऱ्हायली वाटतं." मग त्यानं घसा खाकरला. "काय करू नगस. मी येतो. हत्यारं घिऊन येतो."

"अब्बा, इथं तसं चालत नाही," जस्मीन म्हणाली. "नोंदणी असलेल्या वायरमननंच करायचं. नाहीतर नगरपालिकेला आधी कळवून त्यांच्याकडून तपासून घ्यायचं. काम झालं की दाखला मिळतो. तो नसला तर पुढं घर विकताना अडचण."

"माझं लायसन हाय की."

"ते इथलं नाही."

"का? तितली वीज काय येगळी हाय? करंट त्योच ना?"

"करंट तोच. कायदा वेगळा."

बद्रुन्निसा पंख्याचं खोकं बांधत होती. ती वर न बघता म्हणाली, "दुकानातल्या शिडीची दुसरी पायरी आली की यांना घाम फुटतोय, आन निघाले इमानाची शिडी चढायला."

रमजानला ते लागलं. बहिणीचं घर, मेव्हण्याचं घर, चुलत भावाचा गोठासुद्धा त्यानं स्वतःच्या हातानं उजळला होता. आणि सख्ख्या लेकीच्या घरात परक्याचा हात लागणार. त्या दिवशी त्यानं कोणालाच सल्ला दिला नाही. ट्यूब घ्यायला आलेल्या एका माणसानं बद्रुन्निसाला हळूच विचारलं, "चाचांना बरं न्हाई का?"

चार दिवसांनी जस्मीनचा निरोप आला, "सोमवारपासून डॉन येणार आहे कामाला."

रमजाननं फोन पुन्हा कानाला लावून निरोप ऐकला. मग टपरीवाल्याला ऐकवला. दुपारपर्यंत सगळ्या स्टँडवर झालं की रमजानच्या जावयानं वायरिंगला गुंड लावलेत. काहींना ते शाकिरला न शोभणारं वाटलं, काहींना वाटलं की तिथं अशीच पद्धत असेल. संध्याकाळी जस्मीननं खुलासा केला, की डॉन हे बाईचं नाव आहे. म्हणजे पहाट. तिकडं आईबाप मुलींना हे नाव ठेवतात.

"बाई?" रमजान म्हणाला.

"बाई," जस्मीन म्हणाली.

"वायरमन बाई," बद्रुन्निसा म्हणाली आणि पहिल्यांदाच हातातलं काम टाकून फोनजवळ आली. "दावशील का गं मला तिला?"

सोमवारी डर्बीत सकाळ झाली तेव्हा पौडात जेवणं आटपून दुकान सुस्तावलं होतं. बद्रुन्निसानं फोन बल्बच्या खोक्याला टेकून काउंटरवर उभा केला. पडद्यावर एक थोराड बाई दिसली. वय पन्नाशीच्या पुढं, पिकलेले केस कापलेले, गुडघ्यांवर जाड गाद्या बांधलेल्या. तिनं हात हलवला. रमजाननं सलाम केला आणि लगेच मुद्द्याला हात घातला.

"इचार तिला, अर्थिंगचा खड्डा कुटं काढनार? मीठ-कोळसा आनलाय का?"

जस्मीननं विचारलं. डॉननं जरा विचार केला आणि काहीतरी उत्तर दिलं.

"काय म्हनली?"

"ती म्हणते, काही भाजायला कोळसा नाही आणला, पण भूक लागली असेल तर कोपऱ्यावर मासे मिळतात." मग जस्मीननं दोघांची समजूत घातली. तिथं अर्थिंग रस्त्यातून येणाऱ्या केबलीबरोबरच घरात येतं, अंगणात खड्डा काढावा लागत नाही. रमजाननं मान हलवली, पण त्याला ते पटलं नव्हतं. मिठाशिवाय अर्थिंग म्हणजे मिठाशिवाय आमटी.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दुकानात माणसं जमायला लागली. पौडला कचेरीच्या कामाला आलेले लोक गाडी सुटेपर्यंत डर्बीचं वायरिंग बघत बसत. गोजराबाई बाजारात गुडघ्याचं तेल न्यायला आली होती, ती चक्क खुर्ची मागून बसली. न्हाणीघराची पाळी आली तेव्हा मोठीच चर्चा झाली. तिथं न्हाणीघरात बटण लावायलाच बंदी. छतातून एक दोरी खाली सोडायची, ती ओढली की दिवा लागणार.

"नाडी," गोजराबाई म्हणाली. "नाडी ओढली की उजेड. आन सुटली तर?"

"सुटत नाही आजी, परत ओढली की दिवा बंद," जस्मीन तिकडून म्हणाली.

"मंग बंबाचं बटान कुटं हाय?" रमजाननं विचारलं. "आन कपडे धुवायच्या मशीनचं?"

"आंघोळीच्या टबापासून लांब, खोलीच्या बाहेर. ओल्या हाताला लागता कामा नये."

 मुळशीत त्यानं कितीतरी न्हाणीघरांत, पाण्याच्या नळाच्या वर, हात सहज पोचेल असे बोर्ड मारले होते. त्यानं हळूच बद्रुन्निसाकडं बघितलं. ती त्यांच्याच न्हाणीघराच्या दिशेनं बघत होती.

मग आला तो निळ्या वायरीचा दिवस.

डॉन शिडीवर होती, वरच्या खोलीतल्या दिव्याची जोडणी करत होती. जस्मीननं फोन खिडकीत ठेवला होता. रमजान स्टुलावरून पुढं वाकून बघत होता. बघता बघता डॉननं निळ्या वायरीचं सोललेलं तांबं सरळ बोटांनी धरलं.

"ए बाई, सोड ती!" रमजान ओरडला. "निळी सोड, निळीत करंट हाय!"

दुकानातली सगळी माणसं ओरडली. टपरीवाला कपबश्या टाकून आत आला आणि काय झालं ते न विचारताच तोही ओरडला, "निळी सोडा!" डर्बीतल्या त्या खोलीत आख्खा पौड स्टँड घुमला.

डॉननं वायर सोडली. सावकाश शिडी उतरली, फोनजवळ आली, आणि गंभीरपणे विचारलं की काय झालं. जस्मीन मध्ये बोलायला लागली. रमजाननं हातवारे करून सांगितलं, की लाल, पिवळी, निळी या तीन फेजच्या वायरी, तिन्हींत करंट. काळी ती न्यूट्रल. लहान पोरालासुद्धा माहीत असतं.

डॉननं सगळं ऐकून घेतलं. मग फोन उचलून ती जिन्याखाली गेली आणि मेन स्विच दाखवला. तो बंद होता. नुसता बंद नाही, त्याला लाल कुलूप लावलेलं होतं, आणि किल्ली तिनं खिशातून काढून दाखवली. मग जस्मीनकडून सांगायला लावलं की तिथं निळी म्हणजेच न्यूट्रल. पूर्वी तिथंही काळीच न्यूट्रल होती, मग कायद्यानं रंग बदलले, आणि या घरात तर दोन्ही जमान्यांच्या वायरी सापडतात. म्हणून ती रंगावर जात नाही, प्रत्येक वायर तपासून मगच धरते.

 एसटी सुटल्याची घंटा झाली तरी कोणी हललं नाही.

"रमजान," गोजराबाई म्हणाली, "तुजी निळी चुकली."

"चुकली मावशी," रमजान म्हणाला.

"आन मला वाटलं, ती बाई आता जळती. मी हात जोडलं व्हतं."

महिनाभर त्याला ते पुरलं. गिऱ्हाईक यायचं आणि तोंड गंभीर करून विचारायचं, "चाचा, निळी हाय का? न्हाई, करंट नसलेली पायजे." रमजानही हसायचा. त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना चिमटे काढले होते, एक आपल्याला बसला तर काय बिघडलं.

त्याच्या मनात मात्र ते कुलूप घर करून बसलं. उभ्या जन्मात त्यानं मेन बंद करून "कोनी हात लावू नगा रं" एवढं ओरडून काम केलं होतं. त्या निळीच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं कुलूप आणलं, दुकानाच्या मेनला लावलं, गिऱ्हाइकांना फिरवून दाखवलं, आणि मग किल्ली कुठं ठेवली ते विसरला. भर दुपारी दुकान अंधारात, वर पंखा थांबलेला. बद्रुन्निसानं त्या अंधारात बसून विक्री केली. येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "बल्ब न्या, पर पेटवून बघता येनार न्हाई. मालकांनी इंग्लंडचा कायदा लावलाय." शेवटी हातोड्यानं कुलूप फोडलं. किल्ली त्याच्या टोपीत सापडली.

याचा फोटो त्यानं डॉनला पाठवला. कुलपाचे तुकडे, हातोडा, आणि मागं कपाळाला हात लावलेली बद्रुन्निसा. तोवर दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले होते. भाषा नव्हतीच, नुसते फोटो. डॉन तिकडून फरशीखाली उंदरानं कुरतडलेली वायर पाठवायची, किंवा कोणा शहाण्यानं गरम पाण्याच्या पाइपला इन्सुलेशन टेपनं बांधलेला प्लग. रमजान इकडून स्टँडमागचा खांब पाठवायचा, ज्याला इतक्या तारा लोंबत होत्या की त्यात कावळ्यानं घरटं केलं होतं आणि कावळ्याला वेगळी काटकी आणावी लागली नव्हती. त्यावर डॉननं डोळे बाहेर आलेल्या तोंडांची आख्खी रांग पाठवली.

"या वयात बाईमानसासंगं फोनवर खिदळताय," बद्रुन्निसा म्हणाली.

"बाईमानूस न्हाई, डॉन हाय ती."

काम संपत आलं तशी रमजानला हुरहूर लागली. एके दुपारी त्यानं जस्मीनला मधे घालून विचारलं, "तिला म्हन, या घरात आसं काय हाय का, की ज्याला कायदा हात लावत न्हाई आन मी लावू शकतो?"

डॉन पेन्सिल चावत घरभर हिंडली. मग पुढच्या दारापाशी थांबून तिनं चौकटीकडं बोट दाखवलं.

"बेल," जस्मीन म्हणाली. "सेलवर चालणारी बेल. ती कोणीही लावावी, तिला दाखला लागत नाही. अब्बा, तुम्ही पाठवा ना एखादी. दुकानातली ती चिमणीवाली पाठवा हवी तर."

"चिमनीवाली," रमजान म्हणाला. "व्हय, व्हय. चिमनीवालीच पाठवतो." आणि त्याच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली, जी बघून पौडातले लोक बटणं तपासायला लागत.

दुकानाच्या माळ्यावर एक भोंगा पडून होता. टेम्पोतून कांदे विकणारा माणूस दुरुस्तीला टाकून गेला होता, परत आलाच नाही. आवाज एकदा भरून ठेवला की दिवसभर तोच बोलणारा. रमजाननं त्यातला आवाज भरायचा भाग सोडवला, छोटा स्पीकर लावला, चिमणीवाल्या बेलच्या डबीत कोंबला. बटण दाबल्यावर डबी म्हणाली, "कांदे घ्या, बटाटे घ्या, लसून घ्या." यंत्र ठीक होतं. आता आवाज पाहिजे होता.

मुलाणींचं घर दुकानाच्या मागंच. दुपारी बद्रुन्निसा स्वयंपाकघरात भाकरी थापत असताना रमजान मागच्या दाराशी गेला, डबी चौकटीला धरली आणि दार जोरजोरात बडवलं. आतून आवाज आला, तोच, जो त्या घरात कोणीही दार वाजवलं की यायचा, "कोन हाय? थांबा की. दार मोडताय व्हय? आले, आले, आले."

रमजान त्या गुडघ्यांनिशी जमेल तसा पळाला. बद्रुन्निसानं दार उघडलं तर कोणी नाही. तिनं समोरच्यांच्या शेळीला शिव्या घातल्या आणि परत तव्याकडं गेली.

बेल इंग्लंडला न्यायला माणूसही मिळाला. गोजराबाईचा नातू, विश्रामचा मुलगा शैलेश, तिकडं नोकरीला निघाला होता. रमजाननं त्याला बजावलं, "सेल काढून ठेव बरं का." शैलेश हो म्हणाला आणि निघायच्या घाईत विसरला. मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावर त्याची बॅग दुसऱ्या बॅगेखाली चेपली गेली आणि आतून बाई कडाडली, "कोन हाय? थांबा की. दार मोडताय व्हय?"

पट्टा थांबला. आसपासची माणसं दोन पावलं मागं सरकली. शिपायानं बॅग उघडायला लावली. शैलेशनं घाम पुसत हिंदीत समजावलं, की ही बेल आहे, चाचांनी मुलीसाठी दिलीय. शिपायानं डबी उलटीपालटी केली, स्वतः बटण दाबून बघितलं. मग आणखी एकदा दाबलं. मग पलीकडच्या टेबलावरच्या जोडीदाराला हाक मारून त्याला ऐकवलं. त्यांना शब्द कळले नसावेत, पण सूर ओळखीचा असावा. "घर जैसा लगता है," असं म्हणून त्यानं सेल काढून वेगळे दिले आणि बॅग बंद केली.

डॉननं घराचं काम पुरं केलं, यंत्रं लावून एकेक वायर तपासली, दाखल्याची व्यवस्था केली आणि शेवटच्या दिवशी बेल चौकटीला लावली. जस्मीन आणि शाकिर कामावर होते. डॉननं बटण दाबलं आणि गर्रकन मागं वळून बघितलं, की कोण ओरडतंय. मागं मोकळा रस्ता. पुन्हा दाबलं. मग ती चौकटीला धरून हसत राहिली. तिनं रमजानला व्हिडिओ पाठवला, त्यात तिचा चेहरा टोमॅटोसारखा झालेला दिसतो.

जस्मीन संध्याकाळी दवाखान्यातून परतली. दिवस वाईट गेला होता. एक म्हातारा पेशंट दुपारी गेला होता, आणि बस चुकल्यामुळं ती पावसात चालत आली होती. किल्ली हातात होती, पण नवी बेल दिसली. चिमणी कशी चिवचिवते ते बघावं म्हणून तिनं बटण दाबलं.

"कोन हाय?" आई म्हणाली. "थांबा की. दार मोडताय व्हय? आले, आले, आले."

जस्मीनच्या तोंडून आपसूक निघालं, "मी हाय, अम्मी."

दार कोणी उघडलं नाही. ती तशीच उभी राहिली. मग तिनं पुन्हा बटण दाबलं, आणि पुन्हा. शेवटी शेजारच्या घराचं दार उघडलं, आणि अंगावर शाल घेतलेल्या म्हाताऱ्या बाईनं विचारलं, की सगळं ठीक आहे ना, आत कोणाचं भांडण चाललंय का. जस्मीन डोळे पुसून म्हणाली की नाही, ती आमची बेल आहे. म्हातारीनं विचारलं, ती काय म्हणते? जस्मीननं लाजेखातर सांगितलं, "आपलं स्वागत आहे, कृपया थोडं थांबा."

दुसऱ्या दिवशी फोन आला. "अब्बा, तुम्ही हे काय केलंत?" एवढंच म्हणून तिनं फोन बेलपाशी धरला आणि बटण दाबलं. दुकानात वायर मोजणाऱ्या बद्रुन्निसाच्या हातातली फुटपट्टी थांबली.

ती आधी फोनकडं बघत राहिली, मग रमजानकडं. रमजान स्टुलावरून उठायच्या तयारीत होता.

"म्हंजे ती शेळी न्हवती," ती म्हणाली.

"न्हवती."

"माझा आवाज असा फाटका हाय?"

"फाटका कुटं? खणखणीत हाय."

"आन इंग्लंडच्या लोकांना मी म्हनतीय, दार मोडताय व्हय." ती जस्मीनकडं वळली. "काढ गं ती. मी चांगलं भरून देते. सलाम करते, या बसा म्हनते. लोकांत काय इज्जत ऱ्हाईल आपली."

"नाही काढणार," जस्मीन म्हणाली. "दुसरी पाठवलीस तरी हीच ठेवणार."

बद्रुन्निसा दोन दिवस रमजानशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र गिऱ्हाइकांना स्वतःच सांगायला लागली, की इंग्लंडात एका गल्लीत तिचा आवाज चालतो.

चालायचा म्हणजे भलताच चालायचा. पार्सलवाला पहिल्या दिवशी डबा पायरीवर टाकून पळाला. शेजारच्या म्हातारीला शाकिरनं एकदा खरा अर्थ सांगून टाकला. तेव्हापासून तिचं मांजर दाराशी नखं मारायला लागलं की ती मांजराला म्हणते, "दार मोडताय वाय?" आवाज फार मोठा म्हणून समोरच्या घरातून तक्रार आली, तेव्हा डॉन येऊन स्पीकरवर कापूस आणि चिकटपट्टी लावून गेली. तिनं जस्मीनकरवी रमजानला कळवलं की तुझी बेल तपासणीत नापास झाली आहे. रमजाननं तो निरोप टपरीवाल्याला, शाळेच्या मास्तरांना आणि एसटीच्या कंडक्टरला वाचून दाखवला.

पुढच्या उन्हाळ्यात नवराबायको डर्बीला गेली. विमानाच्या शिडीपाशी रमजानला खरंच घाम फुटला, पण चाकाची खुर्ची मिळाली. विमानतळावरून शाकिरनं आणलं. गाडी लावायला तो पुढं गेला आणि बद्रुन्निसा पायरीशी उभी राहिली. तिनं पदर सावरला, बटण दाबलं.

"कोन हाय?" कापसाआडून ती स्वतःच म्हणाली.

"मी हाय, बद्रुन्निसा," तिनं सांगितलं. "पौडवरनं आलेय."

"थांबा की. दार मोडताय व्हय?"

"मोडतीय कशाला? एकदाच तर दाबलं."

"आले, आले, आले."

ती थांबली. दाराआड जस्मीन तोंडावर हात दाबून उभी होती, हसू आवरेपर्यंत तिला कडी काढता येईना. बद्रुन्निसानं वाट बघून पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तेच सगळं ऐकून घेतलं, आणि मग नवऱ्याला म्हणाली, "कवाधरनं आले आले म्हनतीय. येती कुटं ही बया?"

रमजान इतका हसला की गुडघा लचकला आणि तो पायरीवरच बसला.

त्या रविवारी डॉन जेवायला आली. बद्रुन्निसानं तिला मटण आणि भाकरी वाढली, तिनं नाकाडोळ्यांतून पाणी काढत दोनदा मागून घेतलं. जाताना तिनं रमजानला विचारलं, उद्या माझ्याबरोबर कामावर येतोस का. सकाळी तिची गाडी दाराशी आली आणि रमजान पुढच्या सीटवर रुबाबात बसून गेला.

दुपारी तो परतला तेव्हा बद्रुन्निसा कांदा चिरत होती.

"मंग? हात लावू दिला का?"

"न्हाई."

"मंग सकाळभर काय केलं?"

"बॅटरी धरली. ती सांगंल तिकडं उजेड पाडला. एक शबूद बोललो न्हाई."

"तुमी? आन बोलला न्हाई?" बद्रुन्निसानं सुरी खाली ठेवली.

"न्हाई. पर हे बघ." त्यानं खिशातून एक लांब दांड्याचा, विलायती स्क्रू ड्रायव्हर काढून तिच्यापुढं धरलं. "हे तिच्या पिशवीतलं. त्याच्या जागी मी आपला टेस्टर ठिवून आलोय. पौडचा, लाल मुठीचा. तसला वापरायला हितं लई नाकं मुरडत्यात म्हनं."

त्यानं फोन टेबलावर उताणा ठेवला, शेजारी खुर्ची ओढली आणि चहाची, आणि डॉनच्या फोनची, वाट बघत बसला.